लॅब्रेडॉरच्या लघवीत ईएसबीएल ई. कोलाय: रिपोर्टमधल्या कोणत्या ‘सेन्सिटिव्ह’वर विश्वास ठेवायचा?

दवाखाना_नाशिकरोड

लॅब्रेडॉर मादी, ७ वर्षं, स्पे झालेली (नसबंदी केलेली), २८ किलो. थेंबथेंब लघवी, कुंथणं, शेवटी लालसर. ताप नाही, खाणं व्यवस्थित. दहा महिन्यांत हे तिसऱ्यांदा. आधीच्या दोन वेळी कल्चर (लघवीतला जिवाणू उगवून बघणं) कोणी केलंच नव्हतं. पहिल्यांदा एन्रोफ्लॉक्सासिन, दुसऱ्यांदा सेफ्ट्रायॅक्झोन-टॅझोबॅक्टमची पाच इंजेक्शनं आणि पुढे सेफिक्झिम, असं फाइलवरून दिसतं.

आताचा रिपोर्ट: ई. कोलाय एक लाखाच्या वर, सोबत एन्टरोकॉकस दहा हजार. ई. कोलायला ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’ शेरा, म्हणजे पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं फोडणारं एन्झाइम तो बनवतो. अँपिसिलिन, सेफोटॅक्झिम, सेफिक्झिम, सिप्रो, एन्रो, को-ट्रायमॉक्साझोल सगळे रेझिस्टंट. सेन्सिटिव्हमध्ये अमॉक्सिक्लॅव्ह (झोन, म्हणजे औषधाच्या डिस्कभोवती जिवाणू न उगवलेलं वर्तुळ, १९ मिमी), सेफ्ट्रायॅक्झोन-टॅझोबॅक्टम, अमिकासिन, नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन, मेरोपेनेम.

लॅब माणसांचीच आहे. सॅम्पल मालकांनी सकाळी फिरवताना डबीत धरून आणलं, लॅबला पोचायला दुपार झाली.

प्रश्न तीन. यातलं कोणतं वापरावं? दोन जिवाणू आलेत, तर दोघांवर चालेल असं शोधावं का? आणि मालकांच्या आईंच्या (वय ७१) लघवीतही मागच्या महिन्यात ईएसबीएल ई. कोलाय आला होता. घरात चर्चा अशी की आजींना कुत्रीमुळे झालं. आजींच्या नायट्रोफ्युरँटॉइन एसआर १०० च्या काही कॅप्सूल उरल्यात, त्या कुत्रीला चालतील का, असंही विचारतायत.

आगरप्लेट

मी लॅबच्या बाजूने लिहिते. औषधाचं नंतर बघू, आधी सॅम्पलचं. डबीत धरलेली लघवी, मे महिन्यातली उष्णता, पाच-सहा तास बाहेर. ई. कोलाय या तापमानाला लघवीत तासाभरात एकदा तरी दुप्पट होतो, बऱ्याचदा त्याहून लवकर. सकाळचे हजार दुपारी सहज पन्नास हजाराच्या पुढे जातात. म्हणून तुमच्या ‘एक लाखाच्या वर’ला काही किंमत नाही. एन्टरोकॉकस तर योनीमुखाजवळच्या केसांवरून, कातडीवरून आला असण्याचीच शक्यता जास्त. दोघांवर चालणारं औषध शोधत बसलात तर उगाच मोठ्या औषधाकडे जाल.

सिस्टोसेंटेसिस करा, म्हणजे पोटातून सुई घालून थेट मूत्राशयातली लघवी काढा. २२ गेजची दीड इंची सुई, ५ किंवा १० मिलीची सिरिंज, जमलं तर सोनोग्राफीच्या नजरेखाली. मूत्राशय हाताला लागेल इतका भरलेला हवा. सुई बाहेर काढण्याआधी सिरिंजचा दट्ट्या ओढणं थांबवा, नाहीतर वाटेतलं रक्त किंवा आतड्यातलं काही आत खेचलं जातं. सुईने काढलेल्या लघवीत मिलीला हजार वसाहतीसुद्धा महत्त्वाच्या धरतात. धरून घेतलेल्या लघवीला एक लाखाची अट लावतात, आणि मादीत तीही भरवशाची नाही.

काढल्यावर लगेच फ्रीजमध्ये, ४ अंशाला, आणि २४ तासांच्या आत प्लेटवर. दुसऱ्या गावी पाठवायचं तर बोरिक ॲसिडची ट्यूब घ्या, पण रेघेपर्यंत भरा. अर्धी ट्यूब भरली की बोरिक ॲसिड दुप्पट तीव्र होतं, जिवाणूच मारून टाकतं आणि ‘नो ग्रोथ’ येतं. मग सगळे म्हणतात इन्फेक्शन नव्हतंच.

आता झोनचं. माणसांच्या लॅबमध्ये सीएलएसआय या अमेरिकन मानक संस्थेचा माणसांसाठीचा तक्ता वापरतात. त्यात अमॉक्सिक्लॅव्ह १८ मिमी आणि वर म्हणजे सेन्सिटिव्ह. कुत्र्यांसाठी वेगळं प्रकाशन आहे, आणि त्यातही अमॉक्सिक्लॅव्हला दोन रेषा आहेत: मूत्राशयाच्या इन्फेक्शनसाठी सैल, कातडी वगैरेसाठी खूप कडक. कारण हे औषध लघवीत साठतं, रक्तात तितकं राहत नाही. म्हणजे तुमचा १९ मिमीचा ‘सेन्सिटिव्ह’ मूत्राशयापुरता चालून जाईल, मूत्रपिंडापर्यंत पोचलेल्या इन्फेक्शनला तो अजिबात लावू नका. १९ म्हणजे तसाही रेषेच्या काठावरच. डिस्क ठेवताना जिवाणूंचं द्रावण ०.५ मॅकफार्लंड या ठरलेल्या गढूळपणापेक्षा जरा पातळ झालं, तरी झोन एक-दोन मिमीने फुगतो.

आणि सेफ्ट्रायॅक्झोन-टॅझोबॅक्टम. या जोडीसाठी सीएलएसआयच्या तक्त्यात झोनच दिलेला नाही. डिस्कच्या डबीसोबत आलेल्या कागदावरून लॅब शेरा मारते. त्या ‘सेन्सिटिव्ह’वर मी तरी काट मारीन.

श्वानवैद्य_सातारा

आगरप्लेट मॅडमशी सहमत. सिस्टोचा रिझल्ट यायला दोन-तीन दिवस लागतील, तोवर अँटिबायोटिक न देता वेदनाशामकावर ठेवा. ताप नाही, खातेपिते, पाठ दुखत नाही, म्हणजे मूत्रपिंड वाचलंय असं धरायला हरकत नाही. क्रिएटिनिन नॉर्मल असेल आणि पाणी नीट पीत असेल तर मेलॉक्सिकॅम पहिल्या दिवशी ०.२ मिग्रॅ प्रतिकिलो, म्हणजे ५.६ मिग्रॅ, नंतर रोज त्याच्या निम्मं, २.८ मिग्रॅ, अन्नासोबत. मूत्राशयाची सूज उतरली की निम्मी तक्रार जाते.

ते अमिकासिन आत्ता मनातून काढून टाका. २८ किलोला १५ मिग्रॅने ४२० मिग्रॅ दिवसातून एकदा, आकडा सोपा आहे, पण मेलॉक्सिकॅम चालू असताना अमिकासिन म्हणजे मूत्रपिंडावर दोन्हीकडून मार. द्यायचंच झालं तर मेलॉक्सिकॅम बंद, फ्रुसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) बंद, सलाइनने पाणी पूर्ण भरलेलं, आणि एक दिवसाआड लघवीचा गाळ बघायचा. गाळात दाणेदार कास्ट (मूत्रपिंडाच्या नळ्यांतून सुटलेले साचे) दिसले की तिथेच थांबवायचं. क्रिएटिनिन वाढेपर्यंत वाट बघितली तर उशीर होतो.

मेरोपेनेम साध्या मूत्राशयदाहाला नाही म्हणजे नाही. ते माणसांच्या आयसीयूतलं शेवटच्या फळीचं औषध आहे. सलाइनवर ठेवलेली, सेप्टिक, मूत्रपिंडाच्या इन्फेक्शनची केस असेल आणि दुसरं काहीच चालत नसेल, तर तेवढ्यापुरता विचार.

एन्रोफ्लॉक्सासिनबद्दल एक. ‘डोस वाढवून बघू’ असं कोणी सुचवेल. उपयोग नाही. ई. कोलायमध्ये क्विनोलोनचा प्रतिरोध पायरीपायरीने चढतो: जायरेझ या एन्झाइममध्ये, म्हणजे या औषधांच्या लक्ष्यात, एक बदल झाला की थोडा, दुसरा बदल आणि सोबत टोपोआयसोमरेझ चारमध्ये एक, की मग इतका की लघवीतली मात्राही कमी पडते. पहिली पायरी बहुतेकदा कमी डोसवर चढली जाते. ५ ते २० मिग्रॅ प्रतिकिलो अशी मर्यादा असताना सर्रास अडीच मिग्रॅने दिलं जातं, तेही दोनदा विभागून. आणि एन्रोचा काही भाग कुत्र्याच्या अंगात सिप्रोफ्लॉक्सासिनच होतो. त्यामुळे कुत्र्यात तयार झालेला हा प्रतिरोध माणसाच्या सिप्रोलाही तसाच लागू. उलट माणसाची सिप्रोची गोळी कुत्र्याला देऊ नये, ती कुत्र्याच्या आतड्यातून किती शोषली जाईल याचा काही नेम नसतो.

फिजिशियन_ठाणे

आजींबद्दल मी लिहितो. पहिला प्रश्न: आजींना त्रास होता का? जळजळ, वारंवार लघवी, ताप? की नेहमीच्या तपासणीत ‘पस सेल्स’ दिसले म्हणून कल्चर केलं? या वयाच्या कित्येक बायकांच्या लघवीत काही त्रास नसताना जिवाणू असतात. त्याला औषध द्यायचं नाही. गरोदर बाई, किंवा मूत्रमार्गावर रक्त येईल अशी शस्त्रक्रिया व्हायची असलेला रुग्ण, एवढे अपवाद. लघवीला वास येतो, गढूळ दिसते, याने निकष बदलत नाही. तीच गोष्ट कुत्रीला. लक्षणं नसताना नुसतं कल्चर पॉझिटिव्ह आलं तर तेही सोडून द्यायचं, ईएसबीएल लिहिलेलं असलं तरीही. प्रतिरोध आहे म्हणून जिवाणू जास्त जहाल असतो असं काही नाही.

त्रास खरोखर असेल तर स्त्रियांच्या साध्या मूत्राशयदाहाला नायट्रोफ्युरँटॉइन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा पाच दिवस, किंवा फॉस्फोमायसिन ३ ग्रॅमचा एकच डोस. मूत्रपिंडाची गाळण मिनिटाला ३० मिलीच्या खाली असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन नको: लघवीत पुरेसं उतरत नाही आणि रक्तात साठून मज्जातंतूंना त्रास देतं. ७१ व्या वर्षी क्रिएटिनिन १.१ ‘नॉर्मल’ दिसतं, पण वजन ४५ किलो असेल तर गाळण प्रत्यक्षात बरीच कमी असते. आकडेमोड करूनच लिहावं.

कुत्रीमुळे झालं का, याचं उत्तर या दोन रिपोर्टवरून देता येणार नाही. ईएसबीएलचं जनुक, आपल्याकडे बहुतेक सीटीएक्स-एम-१५, प्लाझ्मिडवर (जिवाणू एकमेकांना देऊ शकतात अशा डीएनएच्या सुट्या कड्यावर) बसलेलं असतं आणि त्याच प्लाझ्मिडवर इतर औषधांच्या प्रतिरोधाची जनुकंही असतात. त्यामुळे ओळख नसलेल्या दोन माणसांचे रिपोर्टही हुबेहूब सारखे येतात. रेझिस्टन्सचा नमुना जुळला म्हणजे जिवाणू तोच असं होत नाही. त्यासाठी जनुकीय क्रम लावावा लागतो. माणसांच्या मूत्रमार्गात एसटी १३१ (एसटी म्हणजे जनुकांवरून ठरवलेला ई. कोलायचा वंश) हा कुळीतला मोठा गुंड, जगभर पसरलेला. कुत्र्यांच्या मूत्रमार्गात एसटी ३७२ जास्त सापडतो. पण एसटी १३१ कुत्र्यांतही मिळालेला आहे, आणि एकाच घरातल्या माणसांच्या व कुत्र्याच्या विष्ठेत अगदी एकच जिवाणू मिळाल्याचीही उदाहरणं आहेत. कोणाकडून कोणाकडे, हे मात्र त्यावरूनही कळत नाही. आजी मध्यंतरी कुठे ॲडमिट होत्या का, हेही विचारा. दवाखान्यात राहणं आणि सेफॅलोस्पोरिनची इंजेक्शनं ही ईएसबीएल आतड्यात बसण्याची कितीतरी जास्त नेहमीची कारणं आहेत.

आगरप्लेट

थोडी भर. लघवीतला जिवाणू बहुतेक वेळा स्वतःच्याच आतड्यातून, गुदद्वाराजवळून वर चढतो. म्हणून प्रश्न मूत्राशयापुरता राहत नाही. दिलेल्या प्रत्येक सेफिक्झिमने आतड्यातले साधे ई. कोलाय मरतात आणि ईएसबीएलवाले मागे उरतात. पुढच्या वेळी वर चढायला तेच तयार असतात. तुमच्या कुत्रीच्या फाइलमध्ये हा क्रम सरळ दिसतोय.

दवाखाना_नाशिकरोड

धन्यवाद. सिस्टो केला, चार तासांत प्लेटवर गेला. एन्टरोकॉकस गायब. ई. कोलाय मिलीला चाळीस हजार, नमुना तोच, अमॉक्सिक्लॅव्ह या वेळी १७ मिमी. क्रिएटिनिन ०.९, लघवीचा पीएच ६, गाळात पस सेल्स आणि रॉड (कांडीसारखे जिवाणू). आजींना त्रास काहीच नव्हता, गुडघ्याच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत आलं होतं.

मेलॉक्सिकॅमने कुंथणं कमी झालंय पण थांबलेलं नाही. आता अमॉक्सिक्लॅव्ह की नायट्रोफ्युरँटॉइन?

श्वानवैद्य_सातारा

१९ चे १७ झाले म्हणजे माणसांच्या तक्त्यात ‘इंटरमिजिएट’. दोन रिपोर्टांत दोन उत्तरं देणारं औषध मी धरणार नाही. डोसच्या हिशेबाने बसतं खरं: ६२५ ची एक गोळी २८ किलोला म्हणजे सुमारे २२ मिग्रॅ प्रतिकिलो, १२ तासांनी, १२.५ ते २५ च्या मर्यादेत. पण सीटीएक्स-एम-१५ सोबत ओएक्सए-१ नावाचं दुसरं एन्झाइम बऱ्याचदा असतं, त्याला क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड नीट अडवत नाही. काठावरचा झोन मला तसाच वाटतो.

नायट्रोफ्युरँटॉइन घ्या. ४.४ ते ५ मिग्रॅ प्रतिकिलो, दर ८ तासांनी. २८ किलोला १२३ ते १४० मिग्रॅ. साधी ५० मिग्रॅची गोळी अडीच, म्हणजे १२५ मिग्रॅ, दिवसातून तीनदा, जेवणासोबत, पाच दिवस. रिकाम्या पोटी दिलं तर उलटी ठरलेली. आजींच्या एसआर कॅप्सूल नकोत. सावकाश सुटणारं रूप माणसाच्या आतड्याच्या लांबीला धरून केलेलं असतं, आणि अडीच गोळ्यांचा हिशेब कॅप्सूलमधून जमणार नाही.

दोन गोष्टी मालकांना आधीच सांगा. लघवी गडद पिवळी ते तपकिरी होईल, ते रक्त नव्हे. आणि जळजळीसाठी लघवी अल्कलाइन करणारं सिरप आपल्याकडे सवयीने लिहिलं जातं, ते या औषधासोबत द्यायचं नाही. नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत चांगलं चालतं. तुमचा पीएच ६ आहे, तो बिघडवू नका.

हे औषध अजून टिकून आहे त्याची कारणं आहेत. ते जिवाणूत एकाच जागी मारत नाही, अनेक ठिकाणी मारतं. प्रतिरोध यायला दोन जनुकं बिघडावी लागतात आणि बिघडलेला जिवाणू जरा मंद होतो. शिवाय ते आतड्यात वरच शोषलं जातं, मोठ्या आतड्यापर्यंत फारसं पोचत नाही, त्यामुळे तिथली जिवाणूंची वस्ती फारशी हलत नाही. मर्यादा एकच पण मोठी: रक्तात आणि ऊतींत मात्रा तयारच होत नाही. मूत्रपिंडाचं इन्फेक्शन किंवा नराच्या प्रोस्टेटचं असेल तर हे निरुपयोगी. प्रोटियसवर आणि स्यूडोमोनासवर ते जन्मजातच चालत नाही, त्यामुळे रिपोर्टमध्ये प्रोटियसपुढे नायट्रोफ्युरँटॉइन ‘सेन्सिटिव्ह’ दिसलं तर लॅबला फोन करा, जिवाणूची ओळख चुकलीय.

४८ तासांत काहीच फरक नाही तर औषध बदलायच्या आधी पुन्हा सिस्टो. लक्षणं पूर्ण गेली तर ‘खात्रीसाठी’ शेवटचं कल्चर करू नका. पॉझिटिव्ह आलं तर कोणीतरी पुन्हा औषध सुरू करतंच.

फिजिशियन_ठाणे

आजींना मग काहीही द्यायचं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लक्षणं नसलेल्या जिवाणूंवर औषध देऊन गुडघ्याचं इन्फेक्शन टळत नाही. ऑर्थोपेडिकवाल्यांना हे कळवावं, काही जण अजूनही लघवी ‘स्वच्छ’ झाल्याशिवाय तारीख देत नाहीत.

घरासाठी: कुत्रीची विष्ठा उचलल्यावर, लघवी पुसल्यावर साबणाने हात. आजींच्या अंथरुणात कुत्रीला सध्या नको, ऑपरेशननंतर जखम भरेपर्यंत तर नकोच. कच्चं चिकन खाऊ घालत असतील तर बंद, शिजवून द्या. कच्च्या मांसावरच्या कुत्र्यांच्या विष्ठेत ईएसबीएल जास्त मिळतात. कुत्रीच्या विष्ठेची तपासणी करून काही साधणार नाही, कारण पॉझिटिव्ह आली तरी आतडं ‘साफ’ करायचं औषध नाही. बऱ्याच कुत्र्यांत ते आपोआप येतं-जातं.

श्वानवैद्य_सातारा

दवाखान्यातला पिंजराही धुवा. आधी पाणी आणि डिटर्जंटने लघवी पूर्ण काढा, मग ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट ५० पट पातळ करून, म्हणजे ५ लिटर पाण्याला १०० मिली, १० मिनिटं ओलं राहू द्या. लघवीवर थेट ब्लीच ओतलं की अमोनियाशी मिळून क्लोरामाइनचा वायू सुटतो, बंद खोलीत डोळे-घसा धरतो, आणि घाणीत क्लोरीन खर्ची पडून जिवाणू राहतात ते राहतातच. द्रावण रोज ताजं.

आता मुख्य: सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन म्हणजे ‘वारंवार होणारं’. कारण शोधल्याशिवाय चौथं येणार. योनीमुख कातडीच्या घडीत दबलंय का ते बोटाने उचलून बघा, स्पे झालेल्या जाड लॅब्रेडॉरमध्ये हे फार. झोपेत लघवी गळते का विचारा. साखर, लघवीची घनता, कुशिंगची (अंगातच स्टेरॉइड जास्त बनण्याची) शंका, कानासाठी-खाजेसाठी स्टेरॉइड चालू आहे का. आणि सोनोग्राफी.

दवाखाना_नाशिकरोड

नायट्रोफ्युरँटॉइनचे पाच दिवस झाले, लक्षणं गेली. सोनोग्राफीत मूत्राशयात एकच खडा, साधारण ९ मिमी, एक्स-रेवर पांढरा स्वच्छ दिसतो. स्ट्रुव्हाइट (खाण्याने विरघळू शकणारा खड्याचा प्रकार) समजून विरघळवणारं खाणं सुरू करू का?

श्वानवैद्य_सातारा

पीएच ६ आणि ई. कोलाय, हे स्ट्रुव्हाइटशी जुळत नाही. कुत्र्यात स्ट्रुव्हाइट बहुतेक वेळा युरिएझ बनवणाऱ्या जिवाणूमुळे होतो, मुख्यतः स्टॅफिलोकॉकस स्यूडिंटरमिडियस, कधी प्रोटियस. ते युरिया फोडून अमोनिया करतात आणि पीएच ७ च्या वर नेतात. ई. कोलाय युरिएझ बनवत नाही. कॅल्शियम ऑक्झलेट असेल तर कोणत्याही खाण्याने विरघळणार नाही, आणि एक्स-रेवर दोन्ही पांढरेच दिसतात. दहा महिन्यांपूर्वीचं पहिलं इन्फेक्शन स्टॅफचं असून खडा तेव्हाचा असू शकतो, पण तेव्हा कल्चर नाही, त्यामुळे कळायला मार्ग नाही. विरघळवायचा प्रयत्न करायचाच तर चार आठवड्यांनी एक्स-रे, आणि खडा लहान झालेला दिसला नाही तर काढायचा. स्ट्रुव्हाइट निघाला तर विरघळेपर्यंत अँटिबायोटिक चालू ठेवावं लागतं, आणि इतके आठवडे नायट्रोफ्युरँटॉइन मला नको वाटतं. ९ मिमीचा एकच आहे, मी काढायला सांगीन.

आगरप्लेट

काढलात तर फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका. अर्धा खडा रासायनिक तपासणीला कोरडा, अर्धा माझ्यासारखीकडे निर्जंतुक डबीत. आम्ही तो सलाइनमध्ये तीन-चारदा खळबळून वरचं सगळं धुतो, निर्जंतुक खलात फोडतो, आतला गाभा ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या द्रवात) टाकतो आणि २४ तासांनी प्लेटवर घेतो. शेवटच्या धुण्याचं पाणीही वेगळ्या प्लेटवर लावतो: तिथे काही उगवलं नाही आणि गाभ्यात उगवलं, तरच जिवाणू आत होता असं म्हणता येतं. सोबत मूत्राशयाच्या अस्तराचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पाठवा. फॉर्मवर ‘कुत्रा, २८ किलो, नायट्रोफ्युरँटॉइन अमुक तारखेला संपलं’ एवढं लिहा. बहुतेक फॉर्मवर ती जागा रिकामी येते, आणि औषध चालू असताना घेतलेलं निगेटिव्ह कल्चर आम्ही खरं निगेटिव्ह म्हणून पाठवून देतो.